निसटलेला हात कोणाचा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: वसईच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यातून हे पत्र आले आहे. पत्रलेखक 41 वर्षांचे असून कॅथलिक कुटुंबातील आहेत आणि घरच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणून काम करतात. गेल्या ऑगस्टच्या अखेरीस डोल, म्हणजे पिशवीसारखे मोठे जाळे, ओढत असताना बोट अचानक कलली आणि दोन खलाशी पाण्यात पडले. लाइफ जॅकेटे बोटीवर होती, पण कोणाच्याच अंगात नव्हती. पत्रलेखक कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. एकाला त्यांनी बोटीपर्यंत आणले. दुसऱ्याचा हात त्यांच्या हातात आला होता, पण पुढच्या लाटेत तो निसटला आणि दोन दिवसांनी त्या तरुणाचा मृतदेह किनाऱ्याला लागला. वाचलेल्याच्या घरच्यांनी उपकारस्तुतीची मिस्सा (चर्चमधील उपासना) अर्पण केली. ‘देवाने तुझा हात वापरला, तू निमित्त झालास,’ असे गाव त्यांना सांगते आणि येत्या सणाला धर्मग्रामातर्फे, म्हणजे स्थानिक चर्चतर्फे, त्यांचा सत्कारही ठरला आहे. गेलेला तरुण अलीकडे मिस्सेला येत नव्हता, अशी कुजबुजही गावात आहे. त्याच्या आईने दफनाच्या दिवशी विचारले होते, ‘माझ्या पोराच्या वेळी देवाने हात का काढून घेतला?’ त्यानंतरच्या पाच महिन्यांत पत्रलेखक त्या घराच्या वाटेने गेलेले नाहीत. त्यांना झोप लागत नाही. बोट सध्या धाकटा भाऊ नेतो आणि देवाकडून काही खूण मिळाल्याशिवाय समुद्रावर जायचे नाही असे त्यांनी ठरवले आहे. ते विचारतात: ‘वाचवणारा हात देवाचा असेल, तर ज्यातून तो निसटला तो हात कोणाचा? सत्कार घ्यावा का? आणि खुणेची वाट किती पाहावी?’ (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रिय बंधू,

तुमच्या पत्रात ‘निमित्त’ हा शब्द पाच वेळा आला आहे. पहिल्यांदा तो गावकऱ्यांच्या तोंडी येतो आणि शेवटी तुम्ही स्वतःच लिहिता की, ‘मी एकाच्या जगण्याचे निमित्त झालो आणि दुसऱ्याच्या मरणाचेही.’ माझ्या मते तुमची झोप उडवणारी गोष्ट या वाक्यात आहे, म्हणून मी उत्तराची सुरुवात सत्कारापासून न करता या शब्दापासून करतो.

भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात ‘निमित्तमात्र’ हा शब्द येतो. मराठी बोलण्यात तो इतका रुळला आहे की आपण ख्रिस्ती मराठीभाषकही नम्रतेने ‘मी फक्त निमित्त’ असे सहज म्हणून जातो. गीतेच्या विचारात त्याला त्याचे स्थान आहे आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार माझा नाही. मात्र देव माणसाच्या कृतीतून कसे कार्य करतो याविषयीची ख्रिस्ती शिकवण सांगायला हा शब्द अपुरा पडतो, कारण त्यात माणूस पोकळ नळीसारखा होतो, वरून काहीतरी येते आणि त्याच्यातून निघून जाते. मदर तेरेसा स्वतःला देवाच्या हातातील लहानशी पेन्सिल म्हणत असत. मी धर्मगुरू नाही, पण अनेक वर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले आहेत आणि त्या वर्गांत ही उपमा मीही वारंवार वापरली आहे. तुमचे पत्र वाचल्यावर मला तिच्याकडे पुन्हा पाहावे लागले. ती उपमा माणसाने स्वतःविषयी, प्रार्थनेत, नम्रतेने म्हणायची आहे. इतरांनी ती दुसऱ्या माणसावर लादली की तिचा अर्थ बदलतो, कारण पेन्सिल मोडली तर तिला दुःख होत नाही आणि तुम्हाला मात्र पाच महिने झोप नाही.

तुमच्या विचारामागे मला एक हिशेब दिसतो. बोट किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे घातले जातात, मालकाचा वेगळा, खलाशांचे वेगळे. त्या दिवशी समुद्रात जे घडले त्याचेही तुम्ही तसेच वाटे घातले आहेत. जो वाचला तो देवाच्या वाट्याला गेला आणि जो बुडाला तो तुमच्या. गावानेही नकळत हेच केले, फक्त दुसऱ्या वाट्याविषयी ते तुमच्यासमोर बोलत नाहीत.

ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नावर फार पूर्वी आणि फार काळजीपूर्वक विचार केलेला आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस (1225–1274) यांनी लिहिले आहे की, एखादे कार्य देवाकडून आणि निसर्गातील कारणाकडून घडते तेव्हा त्यातला काही भाग देवाने केला आणि काही भाग त्या कारणाने केला असे समजू नये. ते संपूर्ण कार्य देवाचे असते आणि संपूर्ण कार्य त्या कारणाचेही असते, फक्त दोघांची कार्य करण्याची रीत वेगळी असते. म्हणजे इथे वाटे घालता येत नाहीत. देव आणि माणूस एकाच दोराला धरलेले दोन खलाशी नाहीत, की एकाने जोर लावला तर दुसऱ्याचा भार हलका व्हावा. अक्वायनस पुढे असेही म्हणतात की, देव इतरांकरवी कार्य करवून घेतो ते त्याचे सामर्थ्य कमी पडते म्हणून नव्हे, तर आपल्या चांगुलपणाच्या विपुलतेमुळे, निर्मितीलाही खरे कारण असण्याची प्रतिष्ठा मिळावी म्हणून. खरे कारण, केवळ निमित्त नव्हे. तुम्ही त्या माणसाला वाचवले, हे वाक्य पूर्ण खरे आहे. ते उच्चारल्याने देवाचे काहीही चोरले जात नाही. देवाने त्याला वाचवले, हेही पूर्ण खरे आहे आणि ते उच्चारल्याने तुमची छाती फुटेपर्यंतची धडपड पुसली जात नाही.

हे तत्त्वज्ञान कोरडे वाटत असेल तर बायबल उघडा आणि प्रेषितांच्या कृत्यांचा 27 वा अध्याय वाचा. तो तुमच्या धंद्यातला आहे. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा पौल ज्या जहाजावर आहे ते चौदा दिवस वादळात भरकटते. जहाजावर 276 माणसे आहेत. देवदूताने पौलाला सांगितलेले आहे की यांतला एकही जीव जाणार नाही. आता तुमच्या ‘निमित्ता’च्या हिशेबाने पाहिले तर इथून पुढे कोणी काही करायची गरज उरत नाही. पण होते काय? खलाशी मध्यरात्री बुडीद, म्हणजे वजन बांधलेली दोरी, टाकून खोली मोजतात. ती आधी वीस वाव (खोलीचे माप) भरते, थोड्या वेळाने पंधरा वाव. खडकावर आपटू या भीतीने ते नाळेकडून, म्हणजे पुढच्या बाजूने, नव्हे तर मागच्या बाजूने चार नांगर टाकतात. मग काही खलाशी होडी पाण्यात सोडून पळू पाहतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला, म्हणजे रोमी लष्करी अधिकाऱ्याला, सांगतो की, ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. देवाचे वचन मिळालेला माणूसच म्हणतो की खलाशांशिवाय निभाव लागायचा नाही! पौलाला यात विसंगती दिसत नाही. देवाचे वचन त्या खलाशांच्या हातांतून, त्यांच्या खोली मोजण्याच्या दोरीतून आणि नांगरांतूनच पूर्ण होणार आहे हे त्याला ठाऊक आहे. शेवटी जहाज फुटते. ज्यांना पोहता येते ते पोहत जातात, बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर तरंगत किनारा गाठतात. आकाशातून कोणीही उचलले जात नाही.

हाच पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हणतो की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली, आणि लगेच पुढे स्वतःला व अपुल्लोसाला देवाचे सहकारी म्हणतो. ‘निमित्ता’च्या जागी तुम्ही हा ‘सहकारी’ शब्द ठेवून पाहावा असे मला वाटते.

इथे तुम्ही मला थांबवाल आणि म्हणाल की पौलाच्या जहाजावरचे सगळे 276 वाचले, माझ्या बोटीवरचा एक गेला. बरोबर आहे. म्हणून त्याच पुस्तकात पंधरा अध्याय मागे चला. बाराव्या अध्यायात हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो आणि पेत्राला तुरुंगात टाकतो. पेत्रासाठी मंडळी प्रार्थना करते, देवदूत येतो, बेड्या गळून पडतात आणि पेत्र सुटतो. याकोब आणि पेत्र दोघेही गालील सरोवरावरचे मच्छीमार होते. दोघांनाही येशूने किनाऱ्यावरून, जाळ्यांजवळून बोलावले होते. एक मारला गेला, एक वाचला, आणि या पुस्तकाचा लेखक लूक याने याकोबाचा मृत्यू एका वाक्यात सांगितला आहे, त्याचे कारण कुठेही दिलेले नाही. याकोबाच्या श्रद्धेत काही उणे होते असे तो सुचवत नाही, याकोबासाठी प्रार्थना कमी पडली असेही म्हणत नाही. मला ही शांतता फार महत्त्वाची वाटते. ‘एकालाच का?’ या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती श्रद्धेकडे नाही, आणि जो कोणी ते तुम्हाला ठामपणे देईल तो बायबलमध्ये नसलेली गोष्ट सांगत असेल.

गावातल्या कुजबुजीला मात्र बायबलमध्ये थेट उत्तर आहे. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक दोषी होती असे तुम्हाला वाटते काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हे आहे. तो तरुण मिस्सेला येत नव्हता म्हणून गेला, असे तुमच्यासमोर कोणी बोलले तर गप्प बसू नका. त्याच्या बाजूने बोलणारा तुमच्याइतका योग्य माणूस गावात दुसरा नाही.

आता त्या हाताविषयी. निसटलेला हात कोणाचा, असे तुम्ही विचारता. तो तुमचाच होता, आणि तो निसटेपर्यंत देवही त्या पकडीत होता. देवाचे कार्य फक्त यशात दिसते असे मानले तर आपण क्रुसाचे काय करणार आहोत? देवाने मानवी देह घेतला तो न थकणारा देह नव्हता. येशू वादळात बोटीच्या मागच्या भागात उशीवर झोपी गेला होता, शोमरोनातल्या विहिरीपाशी थकून बसला होता, आणि क्रूस वाहायला कुरेनेकर शिमोनाला धरून आणावे लागले होते. हाताची ताकद संपणे ही देहाची मर्यादा आहे, ते पाप नव्हे. त्या तरुणाने शेवटच्या क्षणी समुद्राच्या पाण्यात एका माणसाचा हात धरलेला होता, तो एकटा नव्हता. वाचलेल्याला ओढून आणणाऱ्या प्रेमात आणि त्या दुसऱ्या हाताला घट्ट धरणाऱ्या प्रेमात मला काहीही फरक दिसत नाही, आणि देवाला दिसत असेल असे मी मानत नाही.

पण एका गोष्टीबाबत मी तुमचे सांत्वन करणार नाही. लाइफ जॅकेटे बोटीवर होती पण अंगात नव्हती, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. डोल ओढताना जॅकेट अडते, उकडते, म्हणून ते कोणी घालत नाही, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. तरीही तुम्ही तांडेल होता आणि बोटीवर शब्द तुमचा चालतो. ज्या गोष्टीत तुमचा दोष नाही तिच्यासाठी तुम्ही पाच महिने स्वतःला शिक्षा करत आहात आणि जिथे थोडी खरी जबाबदारी आहे तिच्याकडे पाहायचे टाळत आहात, असे मला वाटले. चुकत असेन तर माफ करा. चुकत नसेन, तर ही गोष्ट प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे पापकबुलीच्या वेळी, धर्मगुरूंसमोर नाव घेऊन सांगा, हात निसटल्याची नव्हे. खऱ्या चुकीला क्षमा मिळते आणि तिच्यानंतर करण्यासारखेही काही असते. नसलेल्या चुकीचे ओझे मात्र उतरवायला जागाच मिळत नाही.

करण्यासारखे म्हणजे हे. हंगामाच्या सुरुवातीला बोटीवर पवित्र पाणी शिंपडले जाते. तो आशीर्वाद जॅकेटच्या बंदाची जागा घेत नाही, तो बंद बांधणाऱ्या हातांसाठीच आहे. तुमच्या भावाला आजच सांगा की जॅकेट घातल्याशिवाय जाळ्याला हात लावायचा नाही. वजनाने हलकी, कामात कमी अडणारी जॅकेटे मिळतात, ती घ्या. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक चाकाजवळ रंगाने लिहून ठेवा आणि वायरलेस संच चालू आहे की नाही हे निघण्यापूर्वी पाहा. गावातल्या इतर तांडेलांना हे सांगायला तुमच्याइतके वजन कोणाच्याच शब्दाला असणार नाही. दुसऱ्या किनाऱ्यांवरचे जे मच्छीमार वाचक हे वाचत असतील, त्यांनाही माझी हीच विनंती आहे. ‘देव राखेल’ असे म्हणत जॅकेट खुंटीला ठेवणे म्हणजे देवाने राखण्यासाठी दिलेले साधन परत करणे होय.

खुणेविषयी. देवाकडे खूण मागणे चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण तुम्ही कोणती खूण मागता आहात हे तुम्हालाही सांगता आलेले नाही. मला शंका आहे की खुणेच्या नावाखाली तुम्ही ‘तुझी चूक नव्हती’ हे कोणाकडून तरी ऐकण्याची वाट पाहत आहात. संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी साधकांना घालून दिलेला एक नियम इथे फार उपयोगी आहे. मन अंधारलेले असताना, आत्म्याला उदासीनतेने घेरलेले असताना, आधी केलेला निश्चय बदलू नये. समुद्र कायमचा सोडायचा की नाही हे या अवस्थेत ठरवू नका. काही महिने न जाणे म्हणजे समुद्र सोडणे नव्हे. दरम्यान जाळी दुरुस्त करा, बंदरावरचे काम पाहा. मग एखाद्या शांत दिवशी भावाबरोबर, तांडेल म्हणून नव्हे तर नुसते बसायला, ओहोटी-भरतीचा मेळ पाहून जवळच जाऊन या. मन काय म्हणते ते तेव्हा कळेल.

झोपेबाबत मात्र वाट पाहू नका. डोळे मिटले की लाट दिसते, असे तुम्ही लिहिले आहे. पाच महिन्यांनंतरही हे चालू असेल तर ते श्रद्धेच्या उणिवेचे लक्षण नाही. अशा प्रसंगातून गेलेल्यांना होणारा हा त्रास डॉक्टरांना परिचित आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तो विनामूल्य आहे. पहिले बोलणे फोनवर, घरच्यांच्या नकळत झाले तरी चालेल. वर अक्वायनसांविषयी लिहिले ते इथेही लागू आहे, डॉक्टरांच्या हातून बरे वाटले तर ते देवाने बरे केले नाही असे होत नाही.

सत्काराविषयी तुमच्यापुढे नकार आणि होकार असे दोनच मार्ग आहेत असे तुम्ही धरून चालला आहात. होकार दिला तर देवाचे श्रेय चोरल्यासारखे होईल ही भीती आता उरू नये. आभार नाकारणे ही नम्रता असतेच असे नाही, वाचलेल्या माणसाच्या मुलांना तुमचे आभार मानायचे असतील तर तो त्यांचा हक्क आहे. तरीही शाल आणि श्रीफळ घेऊन व्यासपीठावर उभे राहणे तुम्हाला आज पेलणार नाही, आणि समोरच्या बाकावर त्या तरुणाची आई बसलेली असेल तर ते कोणालाच पेलू नये. धर्मगुरूंना एकटे भेटा आणि त्यांना हे स्पष्ट सांगा. सणाच्या दिवशी सत्काराऐवजी समुद्रावर जाणाऱ्यांसाठी मिस्सा व्हावी, तीत गेलेल्या तरुणाचे नाव घेतले जावे आणि सत्कारासाठी जमलेला पैसा जॅकेटांसाठी वापरला जावा, असे सुचवता येईल. ते मान्य करतील असे मला वाटते. नाही केले, तरी त्या दिवशी घरी राहण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पण या सगळ्याआधी तुम्हाला त्या घरी जायचे आहे. त्या आईचा प्रश्न बायबलमध्ये आधी विचारला गेला आहे. लाजर मेल्यावर त्याच्या दोन्ही बहिणी, मार्था आणि मरिया, येशूला हेच म्हणतात की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. येशू त्यांना दटावत नाही. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडतो. तेव्हा त्या आईच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम तुमच्यावर आहे असे समजून जाऊ नका. ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्या घरात उच्चारू नका, आणि तुमच्या अपराधीपणाचे सांत्वन तिला करावे लागेल असेही बोलू नका. तिने विचारले तर जे घडले ते सांगा, की त्याचा हात माझ्या हातात होता, मी सोडला नाही, तो निसटला. हे तिला सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे आणि तो पाच महिने दुसऱ्या वाटेने जातो आहे. ती चिडेल, कदाचित दार लावून घेईल. तसे झाले तर पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

जाताना मच्छीमार सोसायटीत एक चौकशी करून जा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली नोंदणी असलेल्या मच्छीमाराचा अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना 5 लाख रुपयांचे विमा संरक्षण आहे. त्या तरुणाची नोंद होती का, दावा दाखल झाला का, पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल घरच्यांच्या हाती आहे का, हे पाहा. अशा घरांत कागद महिनोन्‌महिने पिशवीत पडून राहतात, कारण कार्यालयात सोबत यायला कोणी नसते. तुम्ही जाऊ शकता, सध्या तुमच्याकडे दिवस मोकळे आहेत. पहिल्या भेटीत हा विषय काढू नका, फक्त माहिती तयार ठेवा. आणि उठताना पुन्हा कोणत्या दिवशी येणार ते त्या माउलीला सांगून उठा, म्हणजे तुम्हालाही त्या दिवशी जावेच लागेल.